‘मत’ आणि ‘पाय’ : दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांच्या प्रेक्षकांविषयी काही विचार

मराठीत ‘मत’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. एखाद्या गोष्टीविषयी विचारांती आपणांस जे वाटते ते मत. आणि निवडणुकीत यंत्रावर बोट ठेवून जे नोंदविले जाते तेही मतच. ‘मन्’ या धातूचे हे कृदन्त असून त्याचा मूळ अर्थ ‘मानलेले, विचारात आलेले’ एवढाच आहे. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. हिंदी बोलणाराही ‘राय’ निराळी आणि ‘वोट’ निराळे असे धरून चालतो. मराठी माणसाने मात्र दोन्ही पिके एकाच पोत्यात भरली. एरवी त्याने फारसे बिघडत नाही, कारण कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावरून उमगते. परंतु जेथे संदर्भच दुहेरी असतो, म्हणजे जेथे प्रेक्षकाने कलेविषयीचा अभिप्राय द्यावयाचा असतो आणि तोच अभिप्राय मोजणीसाठीही पाठवावयाचा असतो, तेथे हा शब्द मोठा घोटाळा करतो. पहिल्या अर्थाच्या मताला तर-तमभाव असतो, कारण असते, आणि मुख्य म्हणजे एक ‘पण’ असतो. दुसऱ्या अर्थाच्या मताला यांपैकी काहीच नसते. ते दिलेले असते किंवा दिलेले नसते. धर्मशास्त्रकारांनी दानाचे लक्षण सांगताना देणाऱ्याचे स्वत्व संपणे आणि घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होणे या दोन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. त्या दृष्टीने ‘मतदान’ हा सामासिक शब्द फारच यथार्थ आहे असे म्हणावे लागते. दान केले की मत आपले राहत नाही.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांचे. दर्यापुरात आणि आसपासच्या खेड्यांत गेली अनेक वर्षे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास या स्पर्धा पाहिल्या जातात, आणि त्या पाहता पाहता जे बोलले जाते ते प्रस्तुत लेखकाने सवडीने ऐकले आहे. हे सर्वेक्षण नव्हे, आणि त्याला आकडेवारीचा आधारही नाही. शेजारच्या घरात, बनोशातील आप्तांच्या ओसरीवर, क्वचित महाविद्यालयाच्या कर्मचारीकक्षात कानावर पडलेली ही वाक्ये आहेत. भाषेच्या अभ्यासकाला अशा फुकट पडलेल्या वाक्यांचा मोह आवरत नाही, एवढेच त्याचे समर्थन.

या स्पर्धांचा मूळ साचा ब्रिटिश आहे. बी.बी.सी.वर ‘कम डान्सिंग’ हा बॉलरूम नृत्याचा कार्यक्रम विसाव्या शतकाच्या मध्यापासून 1998 पर्यंत चालला. त्यात हौशी आणि व्यावसायिक नर्तक असत. पुढे 2004 साली त्याच वाहिनीने ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ सुरू केला. जुन्या कार्यक्रमाचे नाव आणि 1992 च्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे नाव यांचा हा सांधा होय. नवीनता अशी की, नाचणारी एक व्यक्ती कसलेली आणि दुसरी नाचापलीकडच्या कोणत्या तरी क्षेत्रात नाव मिळविलेली. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, रुंबा, पासो डोब्ले हे प्रकार आठवड्याआठवड्याने शिकावयाचे, परीक्षकांनी गुण द्यावयाचे आणि प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मते द्यावयाची. 2005 मध्ये अमेरिकेत ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ आला आणि 2006 मध्ये सोनी वाहिनीवर ‘झलक दिखला जा’. त्याच्या वर्षभर आधी, 2005 सालीच, स्टार वन वाहिनीवर ‘नच बलिये’ सुरू झाला होता. त्यात स्पर्धक म्हणून दांपत्ये व जोडपी असत. त्याच्या पहिल्या पर्वात सचिन व सुप्रिया पिळगांवकर विजयी झाले ही गोष्ट मराठी घरांत अद्याप आठवणीने सांगितली जाते.

बॉलरूम नृत्य म्हणून जे ओळखले जाते ते या हिंदी कार्यक्रमांत फारसे उरले नाही. गोव्यातील व मुंबईतील ख्रिस्ती समाज सोडला तर वॉल्ट्झची पावले लग्नसमारंभात सहज टाकणारा समाज आपल्याकडे नाही. तेव्हा चित्रपटगीतांवर बसविलेल्या नाचांनी ती जागा घ्यावी यात आश्चर्य ते काय. तथापि रचना टिकली : नामांकित व्यक्ती, कसलेला साथीदार, परीक्षक आणि मत देणारा प्रेक्षक. आमचा विषय या चौघांपैकी शेवटच्याचा आहे.

परीक्षक आणि प्रेक्षक यांचे निर्णय जुळत नाहीत ही तक्रार या साच्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील पहिल्याच पर्वात केली मोनॅको ही अभिनेत्री विजयी ठरली, त्यावर एवढा गदारोळ झाला की काही महिन्यांनी तिची व उपविजेते जॉन ओ’हर्ली यांची पुन्हा लढत लावण्यात आली आणि तीत ओ’हर्ली जिंकले. 2008 साली इंग्लंडमध्ये जॉन सार्जंट या राजकीय पत्रकाराचे प्रकरण गाजले. परीक्षक त्यांना आठवड्यामागून आठवडे तळाला ठेवीत आणि प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे त्यांना वर उचलीत. अखेर, आपण खरोखरच जिंकू की काय या विचाराने, नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःच माघार घेतली. स्पर्धकाने जिंकण्याच्या भयाने पळ काढल्याचे दुसरे उदाहरण क्रीडा वा कला यांच्या इतिहासात सहसा सापडणार नाही.

त्याच वर्षीच्या उपान्त्य फेरीत जे घडले ते याहून बोधक आहे. तिथे थोडी आकडेमोड करणे भाग आहे. तीन स्पर्धक उरले होते. परीक्षकांच्या क्रमवारीत दोघी बरोबरीने पहिल्या आल्या, म्हणून दोघींना तीन-तीन गुण; तिसरे टॉम चेंबर्स, त्यांना एक. प्रेक्षकांच्या क्रमवारीतून पुन्हा तीन, दोन, एक असे गुण मिळावयाचे होते आणि बेरजेत खाली राहणाऱ्या दोघांना पुन्हा नाचून दाखवावयाचे होते. आता चेंबर्स यांना देशातील सर्वाधिक मते मिळाली असे धरा. त्यांची बेरीज होते चार. उरलेल्या दोघींपैकी एकीला दोन मिळून पाच होतात, दुसरीला एक मिळून चार. म्हणजे प्रेक्षकांनी काहीही केले तरी चेंबर्स खालच्या दोघांतच राहणार. लोक पैसे खर्चून मते देत होते आणि त्या मतांनी बदलण्यासारखे काही उरलेच नव्हते. चूक ध्यानात आल्यावर तिघांनाही अंतिम फेरीत घेण्यात आले आणि ती फेरी चेंबर्स यांनीच जिंकली. पुढे अमेरिकेत 2018 मध्ये बॉबी बोन्स हे परीक्षकांचे गुण कमी असताही विजेते झाले, तेव्हा पुढील पर्वापासून तळाच्या दोघांपैकी कोणाला ठेवावे हा अधिकार परीक्षकांकडे सोपविण्यात आला. थोडक्यात, प्रेक्षकाला मत द्यावयाचे. ते चुकीचे ठरू लागले की नियम बदलावयाचा. लोकशाहीचा हा प्रकार काहीसा अपरिचित आहे, अगदीच अपरिचित मात्र नाही.

या वादांत दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती अशी की परीक्षक आणि प्रेक्षक एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत आणि त्यांपैकी एकाचे उत्तर चुकते आहे. आमच्या मते ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. या भेदाची जाणीव भरताला होती. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. तेथे ‘प्रेक्षक’ आणि ‘प्राश्निक’ ही दोन पदे स्पष्टपणे वेगळी ठेवलेली आहेत. प्रेक्षक स्मित करतो, हसतो, वाहवा करतो, हळहळतो. त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात, तो जागेवरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून देतो. या सगळ्याला भरत मानुषी सिद्धी म्हणतो. प्राश्निक हा निराळा माणूस. वाद उत्पन्न झाला, दोन मंडळ्यांत पताकेसाठी स्पर्धा लागली की त्याची गरज पडते. मग यज्ञवेत्ता, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशी दहा माणसे सांगितली आहेत, आणि ज्याचे जे क्षेत्र त्याने तेवढेच पाहावयाचे. (या यादीत वैयाकरणाला स्थान आहे, हे आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीने आम्हांस अद्याप बोलाविलेले नाही.) सिद्धी आणि दोष यांची नोंद ठेवण्यासाठी लेखक आणि गणकही सांगितले आहेत. पण ते प्राश्निकाजवळ बसतात. प्रेक्षकाची टाळी मोजावी असे भरताला कोठेही सुचलेले दिसत नाही.

प्रतिस्पर्ध्यांकडून येणाऱ्या विघ्नांची जी यादी तेथे आहे तीही मनोरंजक आहे. मत्सराने केलेला आरडाओरडा, शेण आणि ढेकळे फेकणे, रंगभूमीवर मुंग्या सोडणे. म्हणजे प्रेक्षागृहात पक्ष पडतात आणि पक्षाची माणसे कलेकडे पाहत नाहीत हे त्याला पुरते ठाऊक होते. मात्र सर्वांत वरची जी दैवी सिद्धी, तिचे वर्णन तो असे करतो की, प्रेक्षागृह भरलेले असावे आणि तरीही शब्द नसावा, क्षोभ नसावा. आजच्या कार्यक्रमात शांततेचे असे चार क्षण सापडतील काय, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना एकदा विचारला होता. एकाने उत्तर दिले, “जाहिरात लागण्याच्या अगोदर, निकाल सांगताना.” उत्तर विनोदाने दिलेले असले तरी चुकीचे नव्हते. ती शांतता नृत्याची नसून गणकाची असते.

आता प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या वाक्यांकडे वळू. कर्तृपदाच्या दृष्टीने पाहिले तर या वाक्यांचे तीन गट पडतात. काहींचा कर्ता नाच किंवा नाचणारे अंग असते : “पाय पडत नाही”, “गिरकी अर्धी सुटली”. काहींचा कर्ता नाचणारी व्यक्ती असते : “मेहनत लय घेते बिचारी”, “गर्व नाही तिले”. तिसऱ्या गटात कर्ता परीक्षक किंवा न सांगितलेले कोणीतरी असते : “तिले कायले काहाडलं?” यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची वाक्ये फार आढळतात, पहिल्याची थोडी. यावरून प्रेक्षकाला नृत्य कळत नाही, तो माणसांविषयीच बोलतो, असा निष्कर्ष नागर समीक्षक झटकन काढतात. तो घाईचा आहे असे मला वाटते.

पहिले कारण माध्यमाचे. छायायंत्र नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाते, तेथून परीक्षकाच्या चेहऱ्यावर, तेथून प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या डोळ्यांतील पाण्यावर. पाय पडद्यावर दिसतात ते तुकड्यातुकड्यांनी. पायांचा आवाज तर ध्वनिमुद्रित संगीताखाली पूर्णपणे बुडालेला असतो. जे दाखविलेच जात नाही त्याविषयी प्रेक्षक बोलत नाही म्हणून त्याला अडाणी ठरविणे न्यायाचे नव्हे. चेहरा दाखविला तर तो चेहऱ्याविषयी बोलेल. मेहनतीची चित्रफीत नाचाच्या आधी दाखविली तर तो मेहनतीविषयी बोलेल. 2009 साली ‘झलक’च्या तिसऱ्या पर्वात बायचुंग भुतिया विजयी झाले. ते फुटबॉलपटू, नाच हा त्यांचा पेशा नव्हे. ज्यांनी त्यांना मते दिली त्यांनी नृत्याचा निवाडा केला असे त्यांपैकी बहुतेकांनाही वाटले नसावे. माणूस कोठून निघाला आणि कोठवर आला हे अंतर त्यांनी मोजले, आणि त्यात सिक्कीमसारख्या लहान राज्याचा माणूस देशभर दिसतो आहे याचाही आनंद होता. हा नैतिक अभिप्राय आहे, सौंदर्याचा नव्हे. पण अभिप्रायच आहे.

दुसरे कारण व्याकरणात आहे. मराठीत ‘मला आवडले’ आणि ‘चांगले आहे’ ही दोन वाक्ये रचनेने भिन्न आहेत. पहिल्यात अनुभवणारा चतुर्थीत असतो; आवड त्याला होते, तो ती करीत नाही. तिचा प्रतिवाद करता येत नाही. “तुला आवडले नाही” असे मी कसे म्हणणार? दुसऱ्या वाक्यात वस्तूविषयी विधान आहे, ते कोणालाही खोडता येते, म्हणून त्यासाठी कारण मागता येते. कांटने 1790 च्या आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत जो भेद केला त्याची चर्चा मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त विस्ताराने केली आहे. ती वाचताना मला नेहमी वाटत आले की, हा भेद मराठी बोलणाऱ्या कोणत्याही माणसाच्या विभक्तिप्रत्ययात बसलेला आहे. आमच्या भागात तो ‘ले’ या प्रत्ययात बसलेला आहे. “मले आवडलं, पन नाच काई खास नाई.” हे वाक्य मी एका निवृत्त तलाठ्यांच्या तोंडून ऐकले. दोन अर्ध्या वाक्यांत त्यांनी दोन निराळे निवाडे दिले आणि त्यांत त्यांना कसलाही विरोध जाणवला नाही, कारण विरोध नाहीच. एसएमएसने मत पाठविताना मात्र यांतील एकच अर्धे पाठविता येते, आणि ते पोचल्यावर त्याचा अर्थ दुसरे अर्धे असा लावला जातो. ‘आवडले’ असे म्हणून पाठविलेले मत ‘सर्वोत्तम’ म्हणून जाहीर होते.

‘आपला’ या सर्वनामाचीही येथे दखल घेतली पाहिजे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा भेद आहे. हिंदी व इंग्रजी भाषांना तो या रीतीने करता येत नाही. 2005 च्या विजयानंतर, आणि पुढे 2015 मध्ये ‘नच बलिये’च्या सातव्या पर्वात अमृता खानविलकर व हिमांशू मल्होत्रा जिंकले तेव्हाही, ‘आपली माणसे जिंकली’ असे बोलले गेले, ‘आमची’ नव्हे. ‘आपली’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यालाही त्या विजयाचा वाटेकरी करून टाकतो. गंमत अशी की, मुंबईचा नट वऱ्हाडी माणसाला एरवी ‘आपला’ वाटत नाही. चित्रपटांत वऱ्हाडी बोली येते ती बहुधा हसण्यापुरती, आणि ती ऐकून येथील माणूस थोडा कसनुसा होतो. मते मागितली जातात तेव्हा मात्र महाराष्ट्र एकदम अखंड होतो. मराठी वाहिनीवरील ‘एकापेक्षा एक’ या स्पर्धेत सचिन पिळगांवकर यांना ‘महागुरू’ हे संबोधन देण्यात आले. स्पर्धेत आदराने रुजलेला तो शब्द पुढे समाजमाध्यमांवर उपरोधानेही वापरला जाऊ लागला, यात व्यक्तीचा दोष मला दिसत नाही. ‘गुरू’ या शब्दाला ‘महा’ हा पूर्वपद लावून जे आदरार्थी रूप वरून दिले गेले ते भाषिक समाजाने काही काळ वापरले आणि मग आपल्या रीतीने उलटविले. बहुमानाच्या उपाध्यांचे सर्वच भाषांत असे होत आलेले आहे. ‘शहाणा’ या शब्दाला मराठीत काय भोगावे लागले ते आपण जाणतोच.

आता पहिल्या गटाच्या वाक्यांकडे येतो. ती थोडी आहेत, पण हा लेख लिहावयास मी प्रवृत्त झालो तो त्यांच्यामुळेच, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर वर्गाच्या स्वाध्यायासाठी आपल्या घरातील दूरदर्शनसमोरचे संभाषण उतरून आणले होते. तिच्या आजीचे एक वाक्य असे होते : “आपल्याले काय समजते म्हना, पन थे पोट्टी नाचते भल्ली अन् पाय नाई पडत तिचा.” विद्यार्थिनीने खाली प्रमाण मराठीत अर्थ दिला होता : “तिचा पदन्यास सदोष आहे.” मी तो अर्थ मान्य केला. इतकेच नव्हे तर समासात लाल शाईने “मूळ वाक्य संदिग्ध, ‘नाचते भल्ली’ आणि ‘पाय पडत नाही’ यांत विसंगती” असा शेराही मारला.

विसंगती मुळीच नव्हती. ‘पाय पडणे’ म्हणजे पाय चुकीच्या जागी पडणे किंवा बरोबर जागी पडणे नव्हे. अंगाचा भार पायावरून भुईत उतरणे, असा त्याचा अर्थ आहे. खडी गंमत, दंडार यांसारख्या खेळांत पायांत चाळ असत आणि रंगमंच बहुधा मातीचाच असे. पाय पुरता पडला नाही तर चाळ अर्धा वाजे, आणि बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकू येई. ज्या पिढीने नाच आधी कानांनी पाहिला तिला ही गोष्ट पडद्यावर, आवाज नसतानाही, दिसते. मुलगी चपळ आहे, अंग लवचिक आहे, तेव्हा नाचते भल्ली. पण ती जमिनीवरून सरकते, जमिनीत उतरत नाही. ‘पदन्यास सदोष’ या संस्कृतप्रचुर शब्दांत यांतील काहीही उरले नव्हते. फॉक्सट्रॉट किंवा वॉल्ट्झमध्ये पुढे जाणारा पाय टाचेवर पडून भार पुढे सरकला पाहिजे, या एका गोष्टीवर ‘स्ट्रिक्टली’चे प्रमुख परीक्षक लेन गुडमन 2004 पासून 2016 पर्यंत अडून राहिले, आणि त्यापायी प्रेक्षकांचा रोषही त्यांनी पत्करला. दर्यापूर तालुक्यातील आजीबाईंनी बॉलरूम हा शब्दही ऐकलेला नव्हता. पण दोष तोच हेरला होता. त्या प्राश्निक होत्या आणि मी त्यांना प्रेक्षकांत बसविले.

त्या वाक्यात आणखी एक भाग आहे : “आपल्याले काय समजते म्हना”. अशी नमनाची वाक्ये मी तेव्हापासून टिपून ठेवतो. ‘आपन खेड्यातले’, ‘आता आपलं वय झालं’, ‘थ्या मोठ्या लोकायले जास्त समजत असन’. माझ्या टिपणांत एक गोष्ट वारंवार आढळते. अशा नमनानंतर जे वाक्य येते ते बहुधा पहिल्या गटातले असते, नाचाविषयीचे असते. नमन नसते तेव्हा वाक्य मेहनतीविषयी, रूपाविषयी किंवा निकालातील अन्यायाविषयी असते. त्याविषयी बोलण्याचा आपणांस अधिकार आहे याची बोलणाऱ्याला खात्री असते. खऱ्या जाणकारीचे वाक्य उच्चारताना मात्र त्याला क्षमा मागावीशी वाटते. हे कोणी शिकविले? परीक्षकांची जी भाषा वाहिनीवरून ऐकू येते ती हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ असते : ‘एनर्जी’, ‘ग्रेस’, ‘केमिस्ट्री’, ‘परफॉर्मन्स’. हे शब्द आता वऱ्हाडी तोंडांतही आले आहेत आणि ते परके म्हणून मी त्यांवर आक्षेप घेणार नाही. भाषा उसनवारी करतच असते. आक्षेप असा आहे की, हे शब्द ‘पाय पडणे’, ‘ठेका धरणे’, ‘तोल सावरणे’, ‘लचक’, ‘ठसका’ यांच्या शेजारी बसले नाहीत, त्यांना उठवून त्यांच्या जागी बसले. ‘एनर्जी’ म्हणजे नेमके काय? पाय जोरात हलले की अंगात जोर होता? “नाचून रायली का धावून रायली?” हा प्रश्न एका गृहिणीने पडद्याकडे पाहून विचारला तेव्हा परीक्षक त्याच नाचाच्या ‘एनर्जी’ची स्तुती करीत होते. दोन क्रियापदांत तिने जो भेद केला तो परीक्षकांच्या एका नामात बसत नव्हता.

प्रेक्षकाचा सर्वच अभिप्राय असा मोलाचा असतो असा माझा दावा नाही. बहुतेक संभाषण कंटाळवाणे असते. कपड्यांविषयी, कोणाचे कोणाशी जमले याविषयी आणि फार वेळा शेजारणीविषयी असते. जुना प्रेक्षक चोखंदळ आणि नवा बिघडलेला, असेही मला म्हणावयाचे नाही. खडी गंमतीच्या फडातही शेण-ढेकळे उडत असतील, भरताला ती माहीत होती तशी. आमच्याच जिल्ह्यातील शेणगावचे गाडगेबाबा कीर्तन करताना समोरच्या समुदायाला वऱ्हाडीतून प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नसत. त्या समुदायात ज्ञानी किती आणि नुसते मान डोलावणारे किती, हे सांगता येणार नाही. पण विचारणाऱ्याने प्रश्न पुरता विचारलेला असे, आणि उत्तर ऐकून त्याचे पुढचे वाक्य ठरे. वाहिनी विचारते ते एवढेच : कोण? का, हे ती विचारीत नाही. कारण का याचे उत्तर मोजता येत नाही.

बोलींच्या अभ्यासात आपण वऱ्हाडीची ध्वनिव्यवस्था तपासली. ‘ळ’चा ‘य’ कोठे होतो, ‘तो नाचतो’च्या जागी ‘तो नाचते’ कोठपर्यंत ऐकू येते, ‘रायला’ हे सहाय्यक क्रियापद कसे चालते याच्या नोंदी केल्या. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणापासून ते काम चालू आहे आणि ते आवश्यकच होते. पण या बोलीत निवाडा कसा केला जातो, चांगल्या-वाईटाचे शब्द कोणते, ते कोणत्या अंगाविषयी वापरले जातात आणि बोलणारा ते वापरण्यापूर्वी क्षमा केव्हा मागतो, इकडे आपले लक्ष गेलेले नाही. संग्रह करावयाचा तर उशीर झालेला आहे. चाळ ऐकून नाच पाहिलेली माणसे आता थोडी राहिली आहेत.

त्या स्वाध्यायाची प्रत माझ्या कपाटात आहे. विद्यार्थिनी आता एका शाळेत शिक्षिका आहे. मागील उन्हाळ्यात ती भेटली तेव्हा मी तिला समासातल्या त्या शेऱ्याविषयी सांगितले आणि आजीला भेटावयास येऊ का असे विचारले. आजी गेल्याला दोन वर्षे झाली, ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “सर, ‘पाय पडत नाही’ असं ती पिठाच्या गोळ्याबद्दलही म्हणायची का, ते आठवत नाही. पण पोळी लाटताना ‘हात पडत नाही तुझा’ असं मला नेहमी म्हणायची.” मी ते लिहून घेतले.